धाकटीची गल्ली

थोरली कवळ्या करायची. दवाखान्यांतून माणसांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे लॅबमध्ये यायचे. त्यांवर ती मेणाच्या हिरड्या उभ्या करायची, एकेक दात बसवायची, रंग जुळवायची, घासून गुळगुळीत करायची आणि डबीत घालून पाठवून द्यायची. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण साच्याशी गप्पा मारता येत नाहीत, आणि दिवसभर गप्प बसून बसून तिला गप्प बसायचीच सवय झाली होती.

धाकटीचं सगळंच उलटं. ती मुलांना पोहायला शिकवायची. तिचा आवाज तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. वर्षभराची रजा साठवून ती दरवर्षी एकटी परदेशी फिरायला जायची आणि परत आली की आईकडे सगळ्यांना गोळा करून गोष्टी सांगायची. देवळं-राजवाडे तिच्या गोष्टींत नसायचेच. असायची ती माणसं. कुठल्याशा चढावरच्या गल्लीतला म्हातारा छत्रीवाला, ज्याच्याकडे ती मोडलेली मूठ बसवून घ्यायला गेली आणि संध्याकाळपर्यंत गाणं शिकत बसली. त्याच गल्लीतली घरमालकीण, जिने हिला थंडी वाजते म्हणून स्वतःच्या आईची शाल काढून दिली. धाकटी त्यांच्या नकला करायची, सगळे पोट धरून हसायचे, आणि थोरलीचा नवरा मान हलवत म्हणायचा, "तुझी बहीण म्हणजे कमाल आहे हां!"

थोरलीच्या कवळ्यांना तो कधी कमाल म्हणाला नव्हता.

ती हसायची सगळ्यांबरोबर, पण आत कुठेतरी कढत तेलाचा थेंब उडाल्यासारखं व्हायचं. एवढी माणसं कुणाला भेटतात का? आणि भेटली तरी चार दिवसांत कुणी आईची शाल देतं का? तिखटमीठ लावून सांगते झालं. हा संशय तिने इतकी वर्षं जपला की शेवटी तो तिला बसू देईना. एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "मी पण जाणार आहे. एकटी."

"कुठे?" नवऱ्याने विचारलं.

"ती गेली होती तिथेच. त्या गल्लीत."

"तू?" त्याचा घास हातातच राहिला. "बँकेत जातानासुद्धा मला बरोबर नेतेस तू!"

धाकटीचा आनंद मात्र मावेना. तिने पत्ता दिला, बहिणीची बॅग स्वतः भरून दिली. फोनमध्ये बोललेल्याचं भाषांतर करणारं एक ॲप घालून दिलं. आणि निघताना गळ्यात पडून म्हणाली, "ताई, घाबरू नकोस. माझं नाव सांग तिथे, बास!"

तेच तर थोरलीला नको होतं. विमानात बसल्या बसल्या तिने ठरवलं, नाव सांगायचं नाही.

नाव सांगायची वेळच आली नाही. घरमालकिणीने दार उघडलं, तिचं नाक बघितलं, भुवया बघितल्या आणि ओरडून तिला मिठी मारली. ॲपमधल्या बाईच्या आवाजाने फोनमधून मराठीत सांगितलं, "तुम्ही तिची बहीण!" मिठी घट्ट होती, उबदार होती. पण ती सोडताना घरमालकिणीने थोरलीच्या खांद्यावरून मागे जिन्यात डोकावून पाहिलं, कोण जाणे, दोघी आल्या असतील म्हणून. मागे फक्त बॅग होती.

घर तीन मजल्यांचं होतं, अरुंद. खाली लॉन्ड्री, मध्ये घरमालकीण, वर भाड्याच्या खोल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर धाकटीचा फोटो होता. घरमालकिणीचा ॲप्रन घालून, हातात झारा घेऊन ती मनापासून हसत होती. खाली खुर्चीच्या पाठीवर एक लोकरी शाल होती. थोरलीने शालीकडे बोट दाखवलं तेव्हा घरमालकिणीचे डोळे पाणावले. "माझ्या आईची. मी तिला दिली होती. तिने जाताना परत केली. म्हणाली, आईच्या वस्तू घरातच राहू द्या."

हे धाकटीने घरी सांगितलंच नव्हतं. म्हणजे तिखटमीठ लावणं दूरच, तिने वर थोडं गाळलंच होतं. थोरलीने पहिल्या रात्रीची झोप त्यातच घालवली.

मग सुरू झाला तिचा फेरा. सकाळी पाववाली पाव कागदात गुंडाळताना विचारायची, ती कशी आहे? औषधांच्या दुकानातला माणूस काउंटरमागून हात हलवायचा आणि पोहण्याची खूण करायचा. थोरली नदीवर गेली, पूल पाहिले, संग्रहालयात दगडांसमोर उभी राहून पाय दुखवून घेतले. स्वतःचं म्हणून एखादं माणूस मिळवायचं तिच्या मनात होतं. बागेत एका म्हाताऱ्या बाईशेजारी बसून ती ओळखीचं हसली, धाकटी हसते तसं. त्या बाईने पर्स उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

छत्रीवाला खरोखरच होता. दुकान कपाटाएवढं, छतापासून छत्र्या वटवाघळांसारख्या लटकलेल्या. थोरलीला बघताच त्याने हातातली काडी टाकली, स्टूल पुसलं आणि ते गाणं सुरू केलं. पहिली ओळ म्हणून झाल्यावर तो थांबला आणि डोळे मोठे करून वाट बघू लागला. दुसरी ओळ तिने म्हणायची होती.

"मला येत नाही," थोरली म्हणाली.

त्याने पुन्हा पहिली ओळ म्हटली, हळू, लहान मुलाला शिकवावी तशी. तिने प्रयत्न केला. घशातून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ऐकवेना. म्हातारा भला माणूस, हसला नाही. "ती वेगळी," एवढंच म्हणून पुन्हा काड्या तपासायला लागला. ते तो प्रेमाने म्हणाला होता, आणि म्हणूनच थोरलीच्या अंगाची लाही लाही झाली.

गल्लीत एकच व्यक्ती अशी होती जिने धाकटीबद्दल काही विचारलं नाही. खालची लॉन्ड्रीवाली. धाकटीच्या गोष्टींतही ती कधी आली नव्हती. रुंद खांद्यांची, आठ्या पडलेली बाई. थोरलीने कपडे दिले की पावती फाडून द्यायची आणि पाठ फिरवायची. थोरलीला वाटलं, चला, निदान एक तरी दार बंद आहे. तेवढंच बरं वाटलं.

पुढे जे घडलं ते दुपारच्या चहाला घडलं. घरमालकिणीने दोन कप भरले, फोटोकडे बघितलं आणि पुन्हा तोच प्रश्न. ती कधी येणार? पुढच्या वर्षी नक्की येणार ना? थोरलीचा दिवस वाईट गेला होता. पायाला फोड आला होता, ट्रामने भलत्याच टोकाला नेऊन सोडलं होतं, आणि आता हे. धाकटीला एकच शहर दोनदा बघायची हौस नाही, ती दरवर्षी नव्या ठिकाणी जाते, ती इथून केव्हाच पुढे गेली, असं तिला सांगायचं होतं. ते सगळं तिने वैतागून दोन वाक्यांत उरकलं.

"नाही येणार ती आता. ती गेली."

फोनमधली बाई काय बोलली ते थोरलीला कळलं नाही. पण घरमालकिणीने कप खाली ठेवला, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. तिने छातीवर हात ठेवून काहीतरी विचारलं. फोनमधल्या बाईने ते मराठीत सांगितलं, "केव्हा? काय झालं होतं तिला?"

थोरलीला लख्ख कळलं काय झालंय ते. एक 'नाही' म्हणायचा अवकाश होता. "नाही हो, तसं नाही" म्हणून दोघी हसल्या असत्या. पण घरमालकीण उठून तिच्या शेजारी आली होती, तिचं डोकं स्वतःच्या खांद्यावर दाबून धरलं होतं, पाठीवरून हात फिरवत होती. आणि या वेळी थोरलीच्या मागे कोण आहे हे बघायला तिची नजर वळली नव्हती. थोरलीने मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं ते खरं होतं, पण ते भलत्याच गोष्टीचं होतं.

तासाभरात गल्लीला कळलं. पाववाली दुकान सोडून आली. औषधवाला आला, दारात टोपी काढून उभा राहिला. छत्रीवाल्याने दुकान बंद केलं, सूट घालून आला आणि तिचे दोन्ही हात हातात घेऊन बसून राहिला. फोटो भिंतीवरून उतरून टेबलावर आला, त्याच्यापुढे फुलदाणी आली. लोक सूप आणत होते, फळं आणत होते. तिला विचारत होते: तू थोरली ना? लहानपणी तूच सांभाळलंस का तिला? तुला झोप लागते का? तुझं काम काय? दातांचं? किती नाजूक काम! उद्या आमच्याकडे ये, एकटी बसू नकोस.

एकटी बसू नकोस! तिला असं कुणी म्हणून किती वर्षं झाली होती. दोन दिवस ती या घरातून त्या घरात गेली. खाल्लं, ऐकलं, बोललीसुद्धा. प्लास्टर, मेण, रंग, सगळं सांगितलं, आणि माणसांनी ते मन लावून ऐकलं. औषधवाल्याने तर तोंड उघडून स्वतःची दाढ दाखवली. फक्त लॉन्ड्रीवाली आली नाही. थोरली दारावरून जात असताना तिने एकदा मान हलवली आणि ती इस्त्रीकडे वळली.

आणि तरीही, खोटं कशाला सांगा, त्या दोन दिवसांतसुद्धा तो तेलाचा थेंब आत उडतच होता. सूट घालून आलेला म्हातारा फोटोकडे बघून ओक्साबोक्शी रडला तेव्हा थोरलीच्या मनात आलं, मी मेले तर कोण दुकान बंद करील? जिवंत असताना तिने सगळं घेतलं, आता मेल्यावरही तिचंच. बहीण धडधाकट आहे हे ती त्या क्षणी चक्क विसरली होती. ते लक्षात आल्यावर मात्र तिला स्वतःची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. धाकटी.

"ताई," ती म्हणाली. मागे तलावावरच्या पोरांचा कल्ला होता. "मी मेले का गं?"

थोरली खाटेवर बसली.

"घरमालकिणीने माझ्या नंबरवर निरोप पाठवलाय. 'घरच्या मंडळींना' म्हणून. सगळी गल्ली बोलतीये त्यात. तो म्हातारा माझं गाणं म्हणतोय आणि मध्येच थांबतोय. मला आधी वाटलं थट्टा आहे." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "काय केलंस तू?"

"मी म्हटलं, ती गेली. म्हणजे पुढे गेली, दुसऱ्या गावांना. त्या फोनने..."

"आणि मग सांगितलं का नाहीस?"

जे होतं तेच थोरलीच्या तोंडातून बाहेर पडलं. "ते माझ्याजवळ बसले गं."

"आईला हे कळता कामा नये," धाकटी म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. पाण्यात दंगा करणाऱ्या मुलाशी बोलताना होतो तसा. "आणि त्यांना खरं तूच सांगायचं. मी नाही सांगणार. तुझं तू निस्तर."

आयुष्यात पहिल्यांदा धाकटीने फोन आधी ठेवला.

थोरली खाली आली. घरमालकीण फुलदाणीतलं पाणी बदलत होती. थोरलीने फोन तोंडाजवळ धरला. "ती जिवंत आहे."

घरमालकिणीने डोळे पुसत मान डोलावली. "हो. आपल्या मनात."

"नाही. मनात नाही. तलावावर. मुलांना पोहायला शिकवतीये. आत्ताच फोन आला होता."

मग थोरलीने सगळं सांगितलं. फोनमधली बाई तेच न चुकता, एका सुरात, जराही न लाजता सांगत गेली. घरमालकीण ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिने फुलं उपसली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. फुलदाणी घासायला घेतली आणि घासतच राहिली. "मी माझ्या मुलाला फोन करून रडले," ती पाठमोरीच म्हणाली. "त्याच्याशी सहा महिने बोलत नव्हते मी." फोटो पुन्हा भिंतीवर गेला. त्या दिवशी चहा आला, पण कप टेबलावर आपटून.

छत्रीवाल्याला कळलं तेव्हा तो आधी हसला, मग रडला, मग म्हणाला, लावा फोन, मला तिला बघायचंय. संध्याकाळी सगळी गल्ली स्वयंपाकघरात जमली. थोरलीने व्हिडिओ लावला. मेलेली बहीण पडद्यावर आली आणि काय आरडाओरडा झाला! पाववालीने पडद्याचं चुंबन घेतलं. छत्रीवाल्याने पहिली ओळ म्हटली, धाकटीने तिकडून दुसरी म्हटली, तिला मध्येच हुंदका आला आणि सगळे पुन्हा रडले. एवढी लाडकी ती आधीसुद्धा नव्हती. सगळ्यांना नीट दिसावं म्हणून फोन उंच धरून उभं राहायचं काम थोरलीकडे होतं. हात भरून आला तेव्हा तिने तो औषधवाल्याच्या हातात दिला आणि ती जिना उतरून खाली गेली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लॉन्ड्रीत वाफ होती. लॉन्ड्रीवालीने इस्त्रीवरून नजर वर केली. स्वतःचा फोन काउंटरवर ठेवून तिने विचारलं, "वर कसला गोंधळ?"

"माझी बहीण जिवंत आहे."

"चांगलं आहे की. मग तू का रडतेस?"

थोरलीने नाक पुसलं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं. "मी जळते," ती म्हणाली.

लॉन्ड्रीवालीच्या फोनने ते सांगितलं मात्र, ती बाई काउंटरला वळसा घालून धावली, थोरलीचं मनगट पकडलं, हात उलटासुलटा करून बघितला, गरम इस्त्रीकडे बघितलं आणि तिला ओढत नळाखाली नेलं. गार पाण्याची धार हातावर पडत होती आणि थोरलीला हसू फुटलं. असं हसू की तिला सिंक धरून उभं राहावं लागलं. "आतून," ती कशीबशी म्हणाली. "आतून जळते. बहिणीवर."

लॉन्ड्रीवालीने ते दोनदा ऐकलं. मग नळ बंद केला, इस्त्री बंद केली, एक स्टूल पायाने पुढे सरकवलं. ती हसणाऱ्यातली नव्हती.

"माझी बहीण गाते," ती म्हणाली. "मोठ्या हॉलमध्ये. हे अर्धं शहर तिला ऐकायला जातं. तिचे गाण्याचे कपडे माझ्याकडे येतात इस्त्रीला." तिने दारामागच्या खुंटीकडे हनुवटीने खूण केली. तिथे एक लांब काळा झगा टांगला होता. "कधीकधी एक चुणी मी तशीच ठेवते. पाठीवर. तिला दिसत नाही तिथे."

"कुणाला कळलं?"

"आजवर नाही. तुला सांगितलं आत्ता."

वर गाणं पुन्हा सुरू झालं होतं. दोघी खाली बसून चादरींच्या घड्या घालत राहिल्या. चादरीची घडी एकटीने घालता येते, पण दोघींनी घातली की कोपरे जुळतात.

उरलेले दिवस थोरली तिथेच असायची. सकाळी बाहेर भटकून यायची आणि दुपारी स्टुलावर. लॉन्ड्रीवालीने तिला कॉलर कशी ताणायची ते दाखवलं आणि ती चुकली की सरळ हातातून काढून घेतलं. सुट्टीच्या दिवशी दोघी बसने गावाबाहेरच्या तळ्यावर गेल्या. दोघींनी आपापल्या बहिणींना यथेच्छ नावं ठेवली, आणि मग लॉन्ड्रीवाली एकदम म्हणाली, "गाते मात्र छान, मेली." थोरलीला वाटलं आपणही काहीतरी चांगलं बोलावं. तिने विचार केला. "माझी पोहते छान," ती म्हणाली, आणि त्यात खोट काढायला तिला काही सापडलं नाही.

निघायच्या दिवशी घरमालकिणीने वाटेत खायला पाव बांधून दिला. मिठी मारली नाही; पण मुलाशी फोनवर बोलत होती, आणि बोलता बोलता थोरलीच्या कोटाची उलटलेली कॉलर तिने एका हाताने सरळ केली. छत्रीवाल्याने हात हलवला. बॅग स्टॉपपर्यंत लॉन्ड्रीवालीने उचलली.

विमानतळावर धाकटी आली होती. बॅग उचलताना म्हणाली, "मेलेल्या माणसाला ओझी वाहायला लावतात का?" म्हणाली हसतच, पण गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत राहिली.

"चुकलं माझं," थोरली म्हणाली.

"चुकलंच." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "तो म्हातारा खरंच सूट घालून आला होता?"

"टायसुद्धा लावला होता."

धाकटीने ओठ दाबले. हसू आवरत होती की रडू, ते थोरलीला कळलं नाही, आणि कदाचित तिलाही.

आईकडे सगळे जमले. आईने विचारलं, नवऱ्याने विचारलं, काय काय पाहिलंस? थोरलीने पूल सांगितले, नदी सांगितली, भलत्याच टोकाला गेलेली ट्राम सांगितली. ती ट्रामची गोष्ट बरी जमली, नवरा दोनदा हसला. मग तिच्या फोनवर निरोप आला आणि तो वाचताना ती स्वतःशीच हसली. धाकटीने मान लांबवली.

"कुणाचा गं?"

"लॉन्ड्रीवालीचा."

"ती? ती आठ्या घातलेली?" धाकटी ताठ बसली. "ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही कधी! मी चारदा गेले होते. केवढा प्रयत्न केला मी! काय लिहिलंय?"

"काही नाही. तिच्या कामातलं."

"सांग ना!"

"तुला नाही कळायचं."

धाकटीच्या चेहऱ्यावर काहीतरी झरकन उमटून गेलं. थोरलीने ते ओळखलं. ओळखणार नाही तर काय, इतकी वर्षं आरशात पाहत आली होती. तिला बहिणीची थोडी दया आली. पण फोन तिने पालथाच ठेवला.

"पुढच्या वर्षी मी पुन्हा तिथेच जाणार," धाकटी म्हणाली. "बघतेच, कशी बोलत नाही ती."

"जा की," थोरली म्हणाली आणि चहा टाकायला उठली. "माझं नाव सांग तिला."